चेरी मॅजिक: लिफ्टमधली गर्दी आणि कुरोसावाच्या डोक्यातला कल्ला

आधी नावाचं बोलून घेऊ, कारण हा मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, विकत घ्यायच्या वाटेतला पहिला धोंडा तोच आहे. ‘चेरी मॅजिक! थर्टी इयर्स ऑफ व्हर्जिनिटी कॅन मेक यू अ विझर्ड?!’ कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याला हे मुखपृष्ठ दिसलं तर पुढचा महिनाभर कॅन्टीनमध्ये आपल्याला काय म्हणून हाक मारतील, याची कल्पना करा. जपानमध्ये पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर विचारतात, कागदी कव्हर घालून देऊ का, आणि फुकटात घालून देतात. आपल्याकडे ती सोय नाही. मी खाकी कागद आणला, शाळेच्या वह्यांना घालतात तसं कव्हर घातलं आणि चिंचवड ते चाकण बिनधास्त वाचत गेलो.

नावामागे जपानी इंटरनेटवरचा एक जुना, जरा चावट विनोद आहे: तिशीपर्यंत ब्रह्मचारी राहिलेला पुरुष जादूगार होतो. युउ तोयोता यांनी तो विनोद जसाच्या तसा खरा धरला आणि नायकाला सरळ जादू देऊन टाकली. २०१८ मध्ये ही गोष्ट ट्विटर आणि पिक्सिव्ह या चित्रांच्या जपानी साइटवर थोडी थोडी करून आली, मग स्क्वेअर एनिक्स या प्रकाशकाने ती उचलली. इंग्रजी खंड २०२० पासून निघायला लागले. मी वाचतो ते हे इंग्रजी खंड.

अदाची कियोशी टोकियोतल्या एका कंपनीत नोकरीला आहे. दिसायला साधा, कामात चोख, बोलायला भिडस्त. सीनिअर माणूस ‘तेवढं बघतोस का’ म्हणत आपलं काम त्याच्या टेबलावर सरकवून घरी निघतो आणि हा ‘हो’ म्हणतो. असा एक माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्या अकाउंट्समध्ये तो मी आहे. तर या अदाचीला तीस पूर्ण होतात, आणि ज्याला स्पर्श होईल त्याच्या मनातलं त्याला ऐकू यायला लागतं. पैसेवाला होणं नाही, उडणं नाही. लोकलमध्ये खांद्याला खांदा लागला की अनोळखी माणसाची पोटदुखी आणि कर्जाचे हप्ते ऐकावे लागतात, एवढाच या जादूचा फायदा.

मग सकाळची लिफ्ट. खच्चून भरलेली. अदाची मागे दाबला जातो आणि पाठीशी उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मनातलं त्याला ऐकू येतं. ते कुणीतरी त्याच्यावर भाळलेलं आहे. आज झोपेतून उठलेले केस तसेच उभे राहिलेत, किती गोड दिसतोय, या थाटाचं काहीतरी चाललंय. अदाची वळून बघतो, तर मागे कुरोसावा युइची. सेल्समधला हुकमी एक्का, देखणा, सगळ्या मुलींचा लाडका, साहेबांचाही लाडका. दोघं एकाच वर्षी कंपनीत लागलेले, पण इतकी वर्षं नमस्कार-चमत्कारापलीकडे फारसं बोलणं झालेलं नाही.

इथून पुढची गोष्ट कशी जाणार हे तुम्हाला कळलंच. मलाही कळलं होतं. तरी मी रात्री दीड वाजेपर्यंत जागलो, त्याचं कारण कुरोसावाच्या डोक्यातला कल्ला.

बाहेरून हा माणूस इस्त्रीच्या शर्टासारखा आहे. हसणं मापात, वाक्यं मोजून, कुणाची फाइल राहिली असेल तर न मागता मदत. आत मात्र अखंड जत्रा. अदाची ओव्हरटाइममध्ये अडकतो, कुरोसावा थांबून काम उरकायला मदत करतो, शेवटची गाडी चुकते आणि तो म्हणतो, माझ्याकडे चल. इतक्या सहज म्हणतो, की कुणीही मित्र म्हणेल. आणि त्याचवेळी त्याच्या आत काय चाललंय: हा माझ्या घरी येतोय, माझे कपडे घालणार, माझ्या पलंगावर झोपणार, देवा रे, चेहरा सरळ ठेव. सकाळी तो नाश्ता करून वाढतो तेव्हाही तेच. वर शांत डोह, खाली नगारे.

चित्रकथेला हे जमतं तसं दुसऱ्या कशाला जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. तोंडचा संवाद फुग्यात, मनातला बाहेर मोकळा, आणि दोन्ही एकाच चौकटीत. वाचणाऱ्याला ते एकाच नजरेत दिसतात. ‘हो, चालेल’ हे तोंडचे दोन शब्द आणि त्याच्या भोवती चौकट भरून सांडलेलं मन. पडद्यावर हेच करायचं तर आधी चेहरा दाखवा, मग पार्श्वभूमीला आवाज द्या. मध्ये एक क्षण जातोच, आणि विनोद त्या क्षणात मरतो. तोयोता यांची रेषा तशी साधी आहे, पार्श्वभूमी अनेकदा रिकामी सोडलेली, इमारती जेमतेम. पण अदाचीचा दचकलेला चेहरा काढावा तर त्यांनीच. घाम, गोल डोळे आणि वाकडी झालेली जिवणी, बस, एवढ्यात पूर्ण माणूस उभा राहतो.

ऑफिसचं वातावरण अस्सल आहे. आमची कंपनी जपानी मालकीची असल्यामुळे मला त्यातलं थोडं कळतं. सकाळची कवायत, साहेब उठेपर्यंत जागेवर बसून राहणं, पार्टीत धाकट्याने थोरल्याच्या ग्लासात ओतणं आणि स्वतःचा ग्लास स्वतः न भरणं. मांगामध्ये यातलं बरंच काही पाठीमागे चालू असतं आणि कुणी त्याचं स्पष्टीकरण देत बसत नाही. जिथे सगळ्यांनी सगळ्यांशी मापात वागायचं असतं, तिथे एखाद्याचं मन ऐकू येणं ही किती मोठी घटना आहे, हे त्या शिस्तीमुळेच जाणवतं. आमच्याकडे मनातलं ऐकायला जादू लागत नाही. स्टोअरमधले एक काका दर सोमवारी सगळ्यांदेखत विचारतात, ‘काय साहेब, बार कधी उडवताय?’

तर हे सांगूनच टाकतो: मी पस्तिशीचा, बिनलग्नाचा आहे आणि तो बार कधी उडणार नाही, कारण मला पुरुष आवडतात. घरात बहिणीला माहीत आहे, ऑफिसात कुणाला नाही. त्यामुळे हे परीक्षण तटस्थ वगैरे नाही. पण याच कारणाने या प्रकारच्या मांगाबद्दल, म्हणजे ज्याला बीएल (बॉइज लव्ह) म्हणतात त्याबद्दल, माझ्या तक्रारीही भरपूर आहेत. ऑफिसातल्या दोन पुरुषांच्या प्रेमकथा मी बऱ्याच वाचल्या. त्यातल्या कितीतरींमध्ये एक जण साहेब असतो, दुसरा हाताखालचा. साहेब दारू पाजतो, भिंतीशी गाठतो, समोरचा ‘नको’ म्हणतो, आणि पुढच्या प्रकरणात त्या ‘नको’चा अर्थ ‘हो’ होता असं आपल्याला सांगितलं जातं. खऱ्या ऑफिसात हे घडलं तर अंतर्गत तक्रार समितीकडे जाण्याचं प्रकरण आहे ते. चित्र देखणं असलं म्हणून मला ते गोड वाटत नाही.

‘चेरी मॅजिक’ इथे वेगळी वाट धरते आणि माझ्या लेखी पुस्तकाचं खरं बळ हेच. दोघं एका बॅचचे, एका वयाचे. कुणाच्या हातात कुणाचं अप्रेझल नाही. त्यातून जादू मिळाली आहे ती भित्र्याला. नेहमीच्या गोष्टीत देखणा, यशस्वी पुरुष सगळं जाणून असतो आणि लाजरा गोंधळलेला असतो. इथे देखण्याचं सगळं उघडं पडलंय आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. लाजऱ्याला सगळं ठाऊक आहे. पारडं असं फिरल्यामुळे कुरोसावा कितीही झुरला तरी तो अंगावर येत नाही. उलट त्याच्या मनात पुनःपुन्हा जे ऐकू येतं ते असं, की याला अवघडल्यासारखं वाटतंय का, मी जास्त जवळ आलो का, थांबायला हवं का. एखाद्या माणसाच्या मनात डोकावलं आणि तिथे आपल्याबद्दलची वासना सापडली, तर तिच्या मागे काळजीही उभी असेल, ही मला तरी फार दिलासा देणारी कल्पना वाटली.

कुरोसावा अदाचीच्या प्रेमात का पडला, तेही नीट दिलंय. लहानपणापासून याला सगळे चेहऱ्यावरून मोजत आले. काम चांगलं केलं तरी ‘दिसायला बरा आहेस म्हणून जमलं’. एकदा ग्राहकाबरोबरच्या पार्टीत दारू चढून त्याची पुरती शोभा होते आणि त्या अवस्थेत त्याला सांभाळतो अदाची. वर तो त्याला काहीसं असं म्हणतो, की तुझी ही बाजूही चांगली आहे. कुरोसावा तिथेच संपला. अदाचीला ती रात्र विशेष वाटलेलीही नाही. हे मला पटलं. ऑफिसात आपण कुणासाठी काय केलं ते आपण विसरतो, समोरचा विसरत नाही.

आता जादूबद्दलचा आक्षेप. न विचारता दुसऱ्याच्या मनात शिरणं ही चोरी नाही का? आहे. अदाचीलाही ती टोचते. उत्तरं आधीच मिळालेल्या पेपरात पहिला आलेल्या पोरासारखी त्याची गत होते: समोरचा आपल्यावर प्रेम करतो हे माहीत असताना ‘हो’ म्हणण्यात कसलं शौर्य, आणि ही शक्ती गेली तर मी या माणसाला समजून घेऊ शकेन का? शक्ती जाण्याचा मार्ग उघडच आहे, नावातच लिहिलेला आहे. म्हणजे दोघं जितके जवळ येणार तितकी जादू धोक्यात. हा तिढा विनोदी आहे, आणि विनोदी असतानाच चांगला घट्ट बसलेला आहे. तो कसा सुटतो ते सांगत नाही.

जोडीला एक उपकथानक आहे, अदाचीचा लेखक मित्र त्सुगे याचं. तोही तिशीत, तोही जादूगार, आणि त्याचं मन जडतं पार्सल आणून देणाऱ्या मिनातो नावाच्या तरण्याताठ्या पोरावर. मिनातोला नाचायचं असतं. त्सुगेचा आव मोठा आणि प्रत्यक्षात फजिती मोठी, म्हणून त्याची पानं मी हसत वाचली; पण मुख्य जोडी रंगात आलेली असताना लेखकमहाशय मध्येच आले की हात पानं उलटायला शिवशिवतो. या भागातली चांगली गोष्ट म्हणजे दोन मित्र एकमेकांना फोन करून ‘तुलाही ऐकू येतं?’ असं विचारतात. आपल्यासारखा दुसरा सापडल्याचा जो जीव भांड्यात पडतो, तो मला जादूशिवायही ठाऊक आहे.

फुजिसाकी ही सहकारी मात्र मांगामध्ये वाया गेली. ती मनातल्या मनात या दोघांची जोडी लावून खूश होणारी, म्हणजे वाचकांचीच प्रतिनिधी. गंमत म्हणून पहिल्यांदा ठीक आहे, पण बाईमाणसाला गोष्टीत तेवढंच काम? या मांगावर २०२० मध्ये आलेल्या टीव्ही मालिकेने हे बदललं. तिथली फुजिसाकी प्रेमाबिमात फारसा रस नसलेली, आपल्या आयुष्यात खूश असलेली बाई आहे, आणि लोक तिच्यामागेही लग्नाचं टुमणं लावतात. एका पात्राच्या बदलाने सगळ्या गोष्टीला वेगळी खोली आली. मूळ कलाकृतीपेक्षा रूपांतर सरस ठरतं असं मी सहसा म्हणत नाही, इथे म्हणतो.

त्या मालिकेबद्दल थोडं बोललंच पाहिजे. टीव्ही टोकियोवर ती ऑक्टोबर ते डिसेंबर २०२० मध्ये गुरुवारी मध्यरात्री एक वाजता लागायची. अर्ध्या तासाचे बारा भाग. अकासो एइजी अदाची, माचिदा केइता कुरोसावा. अशा भलत्या वेळी दाखवलेली ही मालिका जपानबाहेरही पोचली. क्रंचीरोल या स्ट्रीमिंग साइटने ती इंग्रजी सबटायटल्ससह आणली. माचिदाने कमाल केली आहे. चेहरा स्थिर, आणि डोळ्यांत मात्र जत्रा. पार्टीतल्या ‘राजाच्या खेळात’ दोघांनी चुंबन घ्यायचं फर्मान सुटतं, अदाची घाबरलाय हे दिसताच कुरोसावा त्याच्या कपाळावर ओठ टेकवून विषय संपवतो, आणि नंतर आपण चुकलो का म्हणून झुरतो. वर मी ज्या ‘नको’बद्दल बोललो, त्याला मालिकेने दिलेलं हे उत्तर आहे. शेवटचा भाग नाताळच्या आदल्या रात्री दाखवला आणि गोष्टीतही नाताळच होता. शेवटी दोघं लिफ्टमध्ये एकमेकांजवळ येतात आणि नेमका दरवाजा बंद होतो. बाराव्या भागापर्यंत थांबवून ठेवायचं आणि दरवाजा लावून घ्यायचा! हा संयम नव्हे, घाबरटपणा आहे. मांगा इतका भित्रा नाही. तिथे जवळीक येते तेव्हा नीट येते, लाजत, हसत, विचारत.

२०२४ च्या जानेवारीत सॅटेलाइट स्टुडिओचा बारा भागांचा अॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, आला. आवाज छान आहेत, विशेषतः कुरोसावाला आवाज देणाऱ्या सुझुकी र्योताने बाहेरचा आणि आतला असे दोन स्वर वेगळे ठेवलेत. चित्रं मात्र कडक, हालचाल कमी. थायलंडनेही २०२३ च्या डिसेंबरपासून आपली आवृत्ती दाखवली. ताय तवान आणि न्यू थितिपूम ही तिथली जुनी लोकप्रिय जोडी. ती मी पहिल्या काही भागांनंतर सोडून दिली. तिथल्या प्रेक्षकाला ही जोडी आधीच पाठ होती, मला लिफ्टमधला तो अनोळखीपणा हवा होता.

मांगाकडे परत. मधल्या खंडांमध्ये गोष्ट रेंगाळते. सहल, भेटवस्तू, गैरसमज, समजूत, परत भेटवस्तू. कुरोसावा इतका सद्गुणी आहे की कधीकधी त्याचा राग येतो; एकदा तरी याने ओले टॉवेल पलंगावर टाकावेत. हाताखालचा नवा पोरगा रोक्काकु येतो, तो धमाल आहे, पण त्याच्या येण्याने कथेला फारसा धक्का लागत नाही.

पुढे अदाचीची नागासाकीला बदली होते आणि पुस्तक एकदम मोठं होतं. २०२२ चा चित्रपटही याच भागावर आहे. एवढ्या लांब असताना अदाची अपघातात सापडतो, आणि कुरोसावाच्या लक्षात येतं की आपल्याला कळवायला कुणी बांधील नाही. सहकारी, बस. नातं काय लिहायचं त्या रकान्यात? तिथून घरच्यांना सांगण्याचा, आई-वडिलांसमोर बसण्याचा प्रवास सुरू होतो. जपानमध्ये समलिंगी लग्नाला देशाचा कायदा मान्यता देत नाही. २०१५ मध्ये टोकियोच्या शिबुयाने भागीदारीचं प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली, नोव्हेंबर २०२२ मध्ये टोकियो महानगराने केली, मार्च २०२१ मध्ये सप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने लग्न नाकारणं घटनाबाह्य असल्याचं म्हटलं. मांगा यातलं भाषण देत नाही. तो दोन माणसांना कडक सूट घालून एका बैठकीच्या खोलीत बसवतो आणि त्यांच्या हाताला सुटलेला घाम दाखवतो.

हे खंड वाचताना मला अर्थातच आपलं आठवत होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा काटा निघाला त्या दिवशी मी बहिणीला पेढे दिले, कारण सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने लग्नाचा विषय संसदेकडे सोपवला, तेव्हा कॅन्टीनच्या टीव्हीवर बातमी चालू होती आणि सगळे जण रस्सा पातळ झाल्याबद्दल बोलत होते. कंपनीच्या मेडिक्लेमच्या फॉर्मवर ‘जोडीदार’ हा रकाना आहे. कुरोसावाला नागासाकीत जे कळलं, ते मला त्या फॉर्मवर कळतं.

आता देण्याघेण्याचं. खंड आयात होऊन येतात, स्वस्त नाहीत, आणि मधलाच एखादा गायब असतो, त्यामुळे दिसला की घ्या. कागद बरा आहे, छपाई स्वच्छ. पण आतल्या मनोगताची अक्षरं काही ठिकाणी बारीक आहेत, चाळिशी लागली असेल तर डिजिटल प्रत घेऊन मोठी करून वाचा. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची, मागच्या बाजूने उघडलंत तर चुकलं नाही, तिथूनच सुरुवात आहे. पहिल्यांदा मांगा वाचणाऱ्याने पहिले तीन-चार खंड एकदम घ्यावेत. एकट्या पहिल्या खंडात फक्त लिफ्ट आणि धडधड आहे, गोष्ट जमायला दुसरा लागतो. मधले उसने मिळाले तर उसने वाचा. नागासाकीचे मात्र विकत घ्या. मुलामुलींच्या हाती पडलं तर काय, असा प्रश्न असेल तर ही मोठ्यांची गोष्ट आहे, नावावरूनच कळतं; शाळकरी पोरांच्या कपाटात ठेवू नका. आणि मालिका बघणार असाल तर मांगाच्या आधी बघा, म्हणजे लिफ्टचा दरवाजा बंद झाल्यावर पुढचं बघायला जागा राहील.